सुसरबाई, तुझी पाठ खरंच मऊ आहे का?

भाद्रपद सरत आला होता. तापीला अजून भरपूर पाणी होतं, गढूळ, दुधाच्या चहासारखं. सकाळी सहाला गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. पुलावरून काढलेला, जेमतेम दहा-अकरा सेकंदांचा, काढणाऱ्याचा हात थरथरत होता हे कळत होतं. पाण्यात काहीतरी काळपट, लांबट. खाली आमच्या अहिराणीत मजकूर: 'नदीम्हा मगर शे. पोरेसले धाडू नका.' म्हणजे नदीत मगर आहे, पोरांना पाठवू नका. दुपारपर्यंत एका मगरीच्या दोन झाल्या. संध्याकाळी बाजारात कोणीतरी सांगितलं की खालच्या अंगाच्या गावात माणूस ओढून नेला. त्या गावात माझी आतेबहीण असते, तिला फोन केला. तिच्याकडे सगळे सुखरूप होते. तिनं मात्र ऐकलं होतं की माणूस आमच्या गावातला गेला.

दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "मॅडम, मगर माणसावर एवढी चिडलेली का असते?"

त्याच्या 'चिडलेली' या शब्दानं मला अडवलं. मगर चिडलेली नसते, एवढं मला ठाऊक होतं. मग ती काय असते, पाण्याखाली काय करते, तिला काय कळतं, हे काही त्या दिवशी धड सांगता आलं नाही. पुढे वर्षभर मिळेल ते वाचलं, नदीवर आयुष्य काढलेल्या माणसांना विचारलं. त्या मुलाला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. माझी मोठी माय, म्हणजे आजी, मगर हा शब्द कधी वापरतच नसे. "डोहम्हा सुसर शे, उतरू नको," असं ती म्हणायची. प्राण्यांवरच्या मराठी पुस्तकांत मात्र सुसर हे नाव बऱ्याचदा घडियालला दिलेलं असतं. घडियाल म्हणजे लांब, निमुळत्या, चिमट्यासारख्या तोंडाचा, मासे खाणारा प्राणी. तो चंबळ, गंगा, महानदी अशा नद्यांचा, आपल्याकडचा नव्हे. दुसरी जात खाऱ्या पाण्यातल्या मगरीची. ती ओडिशाच्या भितरकनिकात, सुंदरबनात आणि अंदमानात असते, आणि अंगानं सगळ्यांत मोठी. आपल्या नद्या-धरणांतली ती गोड्या पाण्यातली मगर. सांगलीकडे कृष्णाकाठी आजही तिला सुसरच म्हणतात, तेव्हा मोठी माय काही चुकत नव्हती. इंग्रजीत या जातीला 'मगर' असंच म्हणतात, शब्द आपल्याकडून उचललेला. त्याचं मूळ संस्कृतातल्या 'मकर'मध्ये. संक्रांतीच्या नावात जो आहे, नर्मदामाईच्या पायाखाली जो आहे, तोच हा मकर.

नर बहुधा तीन-साडेतीन मीटरपर्यंत वाढतो, क्वचित चारच्या पुढे जातो. मादी दोन-अडीच मीटरची. पाण्यात फक्त डोकं दिसत असेल, तर डोक्याच्या लांबीला सातानं गुणायचं, म्हणजे पूर्ण अंगाचा ढोबळ अंदाज येतो. लाकडाचा ओंडका आणि मगर यांत फरक करायचा तर एक गोष्ट बघावी: ओंडका प्रवाहाबरोबर जातो, मगर प्रवाहाला आडवी जाते किंवा एका जागी थांबते. आणि मगरीचं पाण्यावर दिसणारं अंग सलग नसतं. नाकाचा एक उंचवटा, मग थोडं पाणी, मग डोळ्यांची जोडी, मग पुन्हा पाणी आणि पाठीची खवल्यांची ओळ. व्हिडिओतलं ते काळपट काहीतरी दहा सेकंद बघून कोणालाच सांगता आलं नसतं.

आता पाठीकडे वळू. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' ही म्हण आपण सगळे वापरतो. बलवान माणसाच्या तावडीतून सुटायचं तर त्याची खुशामत करावी, असा तिचा अर्थ. म्हणणाऱ्याला पक्कं माहीत असतं की पाठ मऊ नाही. पण ती किती टणक, आणि का, हे फार थोड्यांना माहीत असतं. मगरीच्या पाठीवरच्या प्रत्येक जाड खवल्याखाली कातडीतच वाढलेली हाडाची एक चकती असते. या चकत्या एकमेकींशेजारी बसवलेल्या, कौलारू छपरासारख्या. आपल्याला वाटतं हे चिलखत. चिलखत तर आहेच, पण त्या हाडांत रक्तवाहिन्यांचं जाळंही असतं. हिवाळ्यात सकाळी मगर काठावर उन्हात पडते तेव्हा पाठ तापते आणि तिथलं तापलेलं रक्त सगळ्या अंगात फिरतं. छतावरचा सोलर बंब जे करतो, तेच. पोटाकडची कातडी मात्र खरोखर मऊ असते, आणि तिच्यापायीच हा प्राणी संपत आला होता. पट्टे, पाकिटं, बूट यांसाठी देशभर मगरी मारल्या गेल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली आणि 1975 मध्ये केंद्र सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. अंडी गोळा करून उबवायची, पिल्लं वाढवायची, मोठी झाली की पाण्यात सोडायची. आज आपल्या देशात मगरी दिसतात त्यामागे ते काम आहे.

ऊन खाण्याची ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली, कारण मगरीचा सगळा स्वभाव तिच्यातून उलगडतो. आपण, बिबट्या, कुत्रा, सगळे उष्ण रक्ताचे. आपण खातो त्यातला मोठा भाग अंग गरम ठेवण्यातच जळतो, म्हणून आपल्याला रोज खावं लागतं. मगर तो खर्च करतच नाही. उष्णता उन्हाकडून फुकट घेते. त्यामुळे तिचं पोट फार थोडक्यात भरतं, आणि एका मोठ्या जेवणावर ती आठवडेच्या आठवडे काढू शकते, वेळ आली तर महिनेही. कोरडवाहू शेतकरी जसा हात राखून खर्च करतो, तसं तिचं शरीर चालतं. उगाच धावायचं नाही. पाठलाग तर करायचाच नाही. सावज जिथे येणारच आहे तिथे जाऊन गप्प पडायचं. आपल्याला जे कपटी वाटतं ते मुळात काटकसरी आहे.

काठावर ती जबडा उघडा टाकून पडलेली दिसते तेव्हा लोक म्हणतात, बघा कशी टपली आहे. ते बहुतेक वेळा अंगातली उष्णता कमी-जास्त करणं असतं. खरी टपलेली मगर दिसत नाही.

ती कुठे असते? पाण्याखाली. तिथली मगर आपल्याला अजिबात ठाऊक नाही, आणि गैरसमजाचं मूळही तिथेच आहे.

पाण्यात शिरताना तिचं शरीर एकेक दार लावत जातं. नाकपुड्या मिटतात. कानावर पडद्यासारखी घडी बसते. डोळ्यावर आडवी सरकणारी एक पारदर्शक पापणी येते. घशाच्या तोंडाशी एक झडप आहे, ती बंद झाली की तोंड पाण्याखाली उघडं असलं तरी फुप्फुसात थेंब जात नाही. म्हणून ती पाण्यात शिकार तोंडात धरून नाकाचं टोक तेवढं वर ठेवते आणि निवांत श्वास घेते. हृदय आपल्यासारखं चार कप्प्यांचं, पण त्यात एक जादा सोय असते. बुडी मारल्यावर फुप्फुसाकडे जाणारं रक्त कमी करून ते इतर अंगाकडे वळवता येतं. ठोके मंदावतात. नेहमीची बुडी काही मिनिटांची, पण कोणी त्रास दिला नाही आणि पाणी गार असलं तर मगरी तासभरही तळाशी राहू शकतात.

पाण्याखाली तिला दिसत कसं असेल? फारसं चांगलं नाही. तिच्या डोळ्याची रचना पाण्याबाहेरच्या नजरेसाठी आहे. बाहेर, विशेषतः अंधारात, ती उत्तम बघते. डोळ्यामागे मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, म्हणूनच रात्री टॉर्च मारून, चमकणारे डोळे मोजून मगरींची गणती करतात. पाण्यात मात्र चित्र अंधूक होतं. तिथे ती कातडीनं 'बघते'. जबड्याच्या कडेनं बारीक काळे ठिपके असतात, दाढी केलेल्या गालावर खुंट दिसावेत तसे. मगरीच्या कुळात ते अंगभर प्रत्येक खवल्यावर असतात, तिच्या अमेरिकन भाऊबंदांत, म्हणजे ॲलिगेटरमध्ये, फक्त जबड्यावर. शतकभर संशोधक ते ठिपके बघत आले, त्यांचं काम कळत नव्हतं. 2002 मध्ये अमेरिकेत एका संशोधिकेनं ॲलिगेटरना पूर्ण अंधारात, कानांचा उपयोग होणार नाही अशी सोय करून, पाण्यात ठेवलं आणि पाण्यावर एक थेंब टाकला. ते थेंबाच्या दिशेनं वळले. ठिपके झाकले, तर वळले नाहीत. पाण्याची कातडी हलली की मगरीला कळतं, ते असं. माणसाच्या बोटाच्या टोकाहूनही त्या जबड्याची जाण बारीक असते.

म्हणजे नदीच्या काठाशी आपण वाकून घागर बुडवतो, धुणं आपटतो, म्हशीच्या पाठीवर पाणी मारतो, तेव्हा पाण्याखाली काय पोचतं याचा विचार करा. गढूळ पाण्यात तिला बाई दिसत नाही, मूल दिसत नाही. काठाशी काहीतरी डुबुक-डुबुक करतं आहे, एवढंच पोचतं. हरीण पाणी प्यायला येतं, कुत्रा येतो, तेव्हाही तसंच पोचतं. वाकलेला, बसलेला माणूस बुटका आणि चार पायांच्या जनावरासारखा भासतो. मगर माणसाला माणूस म्हणून निवडते असं मानायला फारसा आधार नाही. तिच्या ताटात मुळात असतात मासे, बेडूक, खेकडे, साप, पाणपक्षी, वाहून आलेली मेलेली गुरं. पिल्लं तर किड्यांवर वाढतात.

आज जिथे सुलवाडे धरणाचा फुगवटा आहे, तिथे तापीत आयुष्यभर जाळी टाकलेले एक भोई काका मला भेटले. सत्तरी ओलांडलेली, अजून ताठ. तरुणपणी एकदा त्यांचं जाळं तळाच्या बाभळीच्या खोडात अडकलं, म्हणून ते बुडी मारून गेले. "हात लावला तर खोड सरकलं," ते म्हणाले. "मला वाटलं आता संपलं. पण ते गपगार गेलं. शेपटीचा एक फटका पाण्याला, बस. घाबरलं ते मला, मी त्याला." मी विचारलं, मग तुम्ही पाण्यात उतरणं सोडलं का? "तळाला नाही भीती. भीती काठाला. आणि तीन्हीसांजेला."

काकांनी जे अनुभवानं सांगितलं ते जगात इतरत्रही लोकांच्या लक्षात आलं आहे. आफ्रिकेत बोत्स्वानातल्या ओकावँगोच्या पाण्यात नाईल मगरींचं चित्रण करणारे पाणबुडे उतरतात. ही जात आपल्या मगरीपेक्षा कितीतरी धोकादायक. त्यांचा पहिला नियम असा की पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत राहायचं नाही, होडीतून सुटलं की थेट तळ गाठायचा. कारण मगर खालून वर बघते, तिला वर तडफडणारी आकृती हवी असते. तळाशी, तिच्याच पातळीवर, संथ हलणारं काही तिच्या शिकारीच्या साच्यात बसत नाही. हे लोक हिवाळ्यात जातात, पाणी निवळ आणि थंड असताना, मगर मंदावलेली असताना. तरी तो वेडा धोका आहे, आणि आपल्या तापी-गिरणेच्या गढूळ पाण्यात तर कोणी असला विचारही मनात आणू नये. मला त्यातून घ्यायचं आहे ते इतकंच: धोका सगळ्या नदीभर सारखा पसरलेला नाही. तो काठालगतच्या चार-सहा फुटांत साठलेला आहे, आणि संध्याकाळ ते पहाट या वेळेत सर्वांत दाट.

जबड्याबद्दलही बोलायला हवं. मगरीला चावता येत नाही, म्हणजे चघळता येत नाही. दात पकडायला, दळायला नाहीत. म्हणून मोठं सावज असलं की ती स्वतःच्या अंगाभोवती गिरक्या घेऊन तुकडा तोडते. मिटण्याची ताकद प्रचंड, पण उघडणारे स्नायू इतके दुबळे की मिटलेला जबडा जाड चिकटपट्टीनं बांधून ठेवता येतो, आणि वनखात्याची माणसं तेच करतात. याच जबड्यात ती आपली पिल्लंही उचलते.

मादी फाल्गुन-चैत्राच्या सुमारास काठावरच्या वाळूत किंवा भुसभुशीत मातीत हातभर खड्डा करून अंडी घालते. पंचवीस-तीस तरी असतात. दोनेक महिने ती आसपास राखण करते. आतल्या पिल्लांचं लिंग ठरतं ते वाळूच्या तापमानावरून. अठ्ठावीस ते एकतीस अंशांत उबली तर सगळ्या माद्या, साडेबत्तीस अंशांच्या जवळ उबली तर नर. आपल्या खान्देशी उन्हाळ्यात एक-दीड अंशाला कोण विचारतो? पण तिच्या घरात त्यानं पिढी बदलते. पाऊस तोंडावर आला की पिल्लं अंड्याच्या आतून 'कुईं कुईं' असा आवाज करतात. आई वाळू उकरते, पिल्लांना जबड्यात घेते, पाण्यात नेऊन सोडते. चेन्नईजवळच्या मगर उद्यानात नरानंही हे केलेलं नोंदवलं गेलं आहे. बापानं पिल्लं उचलून पाण्यात नेणं सरपटणाऱ्या प्राण्यांत किती दुर्मिळ आहे! ज्या तोंडाची आपण धास्ती घेतो त्या तोंडातून वीतभर पिल्लू न चिरडता जातं, हे मला वाचतानाही खरं वाटत नव्हतं.

आता आपल्याकडचं बघा. चैत्र-वैशाखात नदीपात्रात डांगराच्या, टरबुजाच्या वाड्या असतात, राखणीला माणसं वाळूतच झोपड्या टाकून राहतात. त्याच महिन्यांत मादी घरट्यावर असते आणि तेव्हाच ती खऱ्या अर्थानं आक्रमक होते, भुकेपोटी नव्हे, अंड्यांसाठी. वाळूत कुठे उकरल्याच्या खुणा आणि शेजारी पाण्याकडे जाणारी घसरगुंडी दिसली, तर तिथून लांब जाणं एवढाच इलाज. आणि जिथे पात्रातली वाळूच ट्रॅक्टर-डंपरमधून निघून गेली, तिथे तिला अंडी घालायला जागा उरत नाही. मग ती शेताच्या बांधाकडे, कालव्याकडे सरकते, आणि आपण म्हणतो, मगर गावात घुसली. उन्हाळ्यात डोह आटला की मगर काठात बीळ खणून आत पडून राहते, नाहीतर रात्रीची चालत दुसरं पाणी शोधते. शेतात, विहिरीत सापडलेली मगर बहुधा अशीच वाट चुकलेली असते.

तिच्या अश्रूंची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. सावज खाताना मगर खरोखर डोळ्यातून पाणी काढते का, हे कोणीतरी तपासून बघावं ना? 2006 मध्ये फ्लोरिडात सात जनावरांना कोरड्या जागी खाताना पाहिलं गेलं, मगरीचे जवळचे नातेवाईक असलेले ॲलिगेटर आणि केमन. पाचांच्या डोळ्यात पाणी आलं, काहींच्या तर फेस. कारण बहुधा खाताना होणारी हवेची ढकलाढकल आणि जबड्याचा दाब. शोक नाही, ढोंगही नाही. मगर ढोंगी ठरली ती आपल्या गोष्टीत, माकडाचं काळीज मागणाऱ्या मगरीच्या गोष्टीत.

मग तिला अक्कल असते का? हा प्रश्न वर्गातला सर्वांत आवडता. 2013 मध्ये चेन्नईच्याच त्या उद्यानातल्या मगरींबद्दल एक नोंद आली. तिथे बगळे घरटी बांधतात, त्या काळात काही मगरी मुस्कटावर, म्हणजे जबड्याच्या टोकावर, काड्या ठेवून पाण्यात निश्चल पडून राहत. काडी उचलायला बगळा आला की झडप. संशोधकांनी याला अवजार वापरणं म्हटलं. पुढे ॲलिगेटरवर प्रयोग करणाऱ्यांना तसं आढळलं नाही, म्हणून यावर वाद आहे, आणि मीही तो निकाली काढणार नाही. दुसरी नोंद आपल्या महाराष्ट्रातली, महाडच्या सावित्री नदीतली. रानकुत्र्यांनी नव्हे, गावठी कुत्र्यांच्या टोळीनं पाठलाग केलेलं एक कुत्रं नदीत उतरलं. तिथे तीन मोठ्या मगरी होत्या. त्या त्याच्या जवळ आल्या, पण खाल्लं नाही. मुस्कटानं ढोसत ढोसत त्याला टोळी नसलेल्या काठाकडे नेलं. 2023 मध्ये हे संशोधन-नियतकालिकात छापून आलं. लिहिणाऱ्यांनी यात सहानुभूतीची शक्यता पाहिली. माझं मत विचाराल तर एका प्रसंगावरून मगरीला दयाळू ठरवणं म्हणजे तिला कपटी ठरवण्याइतकंच घाईचं. पोट भरलेलं होतं, हे सोपं उत्तर मला जवळचं वाटतं. पण समोर आलेल्या प्रत्येकाला ती मारतेच असं नाही, हेही त्यातूनच दिसतं.

व्हिडिओ आला त्याच दिवशी ग्रुपवर पहिली मागणी काय होती? 'पकडा आणि लांब सोडून या.' मागणी स्वाभाविक आहे. पण मगर घर विसरत नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावून हेलिकॉप्टरनं दूर नेऊन सोडलं गेलं. 2007 मध्ये त्याचे निकाल आले. एक मगर द्वीपकल्पाला पूर्ण वळसा घालून, वीस दिवसांत चारशेहून जास्त किलोमीटर पोहत आपल्या नदीत परत आली. आपली मगरही त्याच घराण्यातली. शिवाय जुनी, काठाची ओळख असलेली मगर नेली की जागा रिकामी होते आणि तिथे नवी, बिचकलेली मगर येते. नव्या जागी सोडलेलीही बिचकलेलीच असते. विहिरीत पडलेली, वस्तीत अडकलेली मगर हलवावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. डोहातली मगर डोहात असताना हलवणं हे बहुतेक वेळा गावाचं समाधान असतं, सुरक्षितता नव्हे.

सुरतेला आमच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी कामाला आहे. तिथून पुढे बडोदा. त्या शहराच्या मधून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत 2025 च्या गणतीत चारशेहून जास्त मगरी मोजल्या गेल्या. 2024 च्या पुरात त्या रस्त्यांवर, अंगणांत आल्या, सगळ्या देशानं ते पाहिलं. त्याहून मला खेडा-आणंदकडची चरोतरची गावं महत्त्वाची वाटतात. मलातज, देवा अशा गावांच्या तळ्यांत मगरी आहेत आणि त्याच तळ्यावर लोकांची धुणी-भांडीही आहेत. हल्ले अजिबात होत नाहीत असं नाही. पण लोकांना आपल्या तळ्यातली मगर कुठे ऊन खाते, कधी घरट्यावर असते, हे माहीत असतं. पाटी लावायच्या आधी माहिती लागते, ती त्यांच्याकडे आहे.

आपल्या नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातच्या पट्ट्यात गामीत, वसावा, चौधरी समाज मगरदेवाला, मोगरा देवाला, पूजतात. लाकडाची मगर कोरून खांबावर बसवतात. नर्मदेच्या काठी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली गावं आज सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या काठाला आहेत. काही गावांना होडीशिवाय जाता येत नाही. नदी वाहती होती तेव्हा कुठे उथळ, कुठे डोह, हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. आता साठलेलं पाणी दर महिन्याला वर-खाली होतं, काठ रोज नवा असतो. मला वाटतं की मगरीची भीती वाढते ती मगर वाढल्यामुळे जितकी, तितकीच हे ज्ञान बुडाल्यामुळे.

तेव्हा करायचं काय, हे थोडक्यात पण स्पष्ट लिहिते. रोज एकाच वेळी एकाच दगडावर बसू नये, कारण मगर सवय ओळखते. गढूळ, खोल काठ टाळावा. तळ दिसेल अशा उथळ जागी पाणवठा हलवावा. घागर भरताना वाकून हात बुडवण्यापेक्षा दोरीला बादली बांधावी. दिवस मावळल्यावर पाण्याकाठी गुरं, कुत्री, मुलं नकोत. मेलेली जनावरं, कोंबड्यांची आतडी, माशांची घाण नदीत टाकायची नाही. हे सगळ्यांत दुर्लक्षित आहे, आणि मगरीला पाणवठ्यावर आमंत्रण देण्याचा तोच राजमार्ग आहे. श्रीलंकेत गावकरी पाण्यात लाकडी खांबांचं कुंपण घालून आत अंघोळ करतात, त्याला किंबुला कोटुवा, म्हणजे मगर-कोट, म्हणतात. बांबूची कमतरता नसलेल्या सातपुड्याच्या पायथ्याला ते करणं अवघड नाही. मगर दिसली तर वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवता येतं. दगड मारणं, फास लावणं हा गुन्हा आहे. मगर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिकारीला तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. आणि दुर्दैवानं हल्ला झालाच तर जखम लहान दिसली तरी दवाखाना गाठायचा, तिच्या दातांतली घाण जखमेत चिघळते. मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास शासन जी आर्थिक मदत देतं त्या यादीत वाघ-बिबट्यांबरोबर मगरही आहे. हे ग्रामसभेत माहीत असावं. दुःखात असलेल्या घराला कोणी ते सांगत नाही.

पौषात आम्ही पाचवीच्या मुलांना घेऊन नदीवर गेलो, सकाळी नऊला, भोई काका बरोबर. पाणी निवळलं होतं. मगर दिसली नाही. पण पलीकडच्या वाळूच्या पट्ट्याकडे काकांनी बोट दाखवलं. ओल्या वाळूत दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे, आणि मधून एक नागमोडी रेघ, शेपटीची. मुलांनी अलीकडूनच, काकांच्या जुन्या दुर्बिणीतून आळीपाळीनं बघितली. तो प्रश्न विचारणारा मुलगा सर्वांत जास्त वेळ बघत राहिला. मग त्यानं मोजलं: रेघेच्या टोकापासून आमच्या बायांच्या धुण्याच्या दगडापर्यंत, पाण्यावरून, अंदाजे चाळीस पावलं.

त्या आठवड्यात गावच्या पाच-सहा जणींनी मिळून तो दगड उथळ उताराकडे ओढून नेला.